पाठमोऱ्या गल्लीचं नाव

आत्या यायच्या आधी दादांनी तिची खुर्ची दोनदा हलवली. दारासमोर ठेवली तर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, आणि आत सरकवली तर समोर चाक येत होतं. दोर वळायचं ते चाक बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. आता ते दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून उभं असे आणि वहिनी त्याच्या आऱ्यांवर फडकी वाळत घाली. तरीही आज ते आत्याच्या नजरेला पडू नये, असं दादांना वाटत होतं.

"अहो, खुर्ची आहे ती, सिंहासन नाही," वहिनी म्हणाली. "कुठेही ठेवा. त्यांना बसायचं तिथेच बसतील त्या."

"तू जाऊन घेऊन ये तिला. माझ्याबरोबर नाही यायची."

"आणि आणल्यावर?"

"आणल्यावर मी बोलतो."

"काल बोललात, परवा बोललात. काय झालं?"

दादा खुर्ची पुसू लागले. काल आणि परवा आत्याने त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं, चहा पाजला होता आणि निघताना म्हटलं होतं, "मोठ्या, चप्पल नीट घाल, पडशील." हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती.

पालिकेने जुन्या भागातल्या गल्ल्यांना नवी नावं द्यायला घेतली होती. शेजारच्या दोन गल्ल्या एव्हाना प्रगती मार्ग आणि समृद्धी मार्ग होऊन बसल्या होत्या. एखाद्या माणसाचं नाव हवं असेल तर गल्लीची संमती लागे. ती दादांनी घरोघर फिरून मिळवली होती. दुसरी अट अशी, की त्या माणसाच्या गल्लीत राहणाऱ्या रक्ताच्या नातलगांपैकी एकाचीही हरकत नको. दादांना नाव हवं होतं आपल्या वडिलांचं. बाबांची सख्खी बहीण, म्हणजे आत्या, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराकडच्या तोंडाशी राहत होती; पाटी तिच्याच दारावर लागणार होती. आणि पाट्यांचा साहेब आज दुपारचा चहा व्हायच्या आत येणार होता.

"नाही म्हणाली तर काय नाव देणार आहेत?" दादांच्या धाकट्या भावाने विचारलं. गल्लीतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या, म्हणून त्याला सगळे पेंटर म्हणत. तो नायलॉनच्या दोराच्या रिळावर बसून नखातला निळा रंग काढत होता.

"एकता मार्ग."

पेंटर एवढ्या जोरात हसला की रीळ हललं. "आपल्या गल्लीला? साहेबाला आपल्या घरातलं भांडण कुणी सांगितलं नाही वाटतं!"

दादांना हसू आलं नाही. दोरावर तो वळणाऱ्याचं नाव नसतं, हे त्यांना लहानपणापासून खुपत आलं होतं. बाबांनी वळलेले दोर कुठे कुठे गेले, त्यांनी काय काय ओढलं, काय काय बांधलं. एकाही दोराने कुणाला सांगितलं नाही, की मला अमक्याने वळलं. नळ गल्लीत आला तो बाबांनी पालिकेत हेलपाटे घातले म्हणून. दिवाही तसाच आला. दोन्हींवर नाव पालिकेचं. बाबांचं नाव कुठेतरी भिंतीवर दिसावं, एवढंच दादांना हवं होतं. ते स्वतःही आता काही तरुण राहिले नव्हते.

*

वहिनी गल्लीतून निघाली. लग्न होऊन आली तेव्हा या गल्लीचं तिला भारी नवल वाटलं होतं. एवढी सरळ गल्ली तिने पाहिली नव्हती. या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचं माणूस बोटाएवढं दिसे. मग सासूने सांगितलं होतं, की आधी दोर होता, मग घरं आली. सासऱ्यांच्या वडिलांनी शहराबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर चाक रोवलं. दोर वाकडा वळता येत नाही, म्हणून पट्टी सरळ. पुढे लोकांनी दोराच्या दोन्ही अंगांना घरं बांधली आणि मधली जागा सोडली, तीच ही गल्ली.

नावही तिथूनच आलेलं. एकजण चाक फिरवी. दुसरा कमरेला तागाची जुडी गुंडाळून तिचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवी आणि ताग सोडत सोडत मागे मागे चालत जाई. तोंड चाकाकडे, पाठ रस्त्याकडे. बाजाराकडून गल्लीत शिरणाऱ्याला समोरून पहिली दिसे ती पाठ. तिने कुणाला वाट द्यायची नसे, लोकांनी बाजूला व्हायचं. मागे चालणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून एका अंगाच्या घरांना अजूनही बाहेर पायरी नव्हती. लोक म्हणू लागले, पाठमोरी गल्ली. आणि दोरवाल्यांच्या घराला, पाठमोरे. शाळेत दादांना आणि पेंटरला पोरं "ए पाठमोऱ्या" म्हणूनच हाक मारत. तिलाही पहिली काही वर्षं लोकांनी नावाने ओळखलं नाही. पाठमोऱ्यांची सून.

आत्या दारातच उभी होती. नवं लुगडं, हातात काठी. म्हणजे यायचं तिने ठरवलेलं होतं. मागे तिची मुलगी कुलूप लावत होती. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि सगळ्या गल्लीची सिस्टर.

"तुम्ही पुढे व्हा," सिस्टर म्हणाली, "मी खिडकी लावून येते."

वहिनीने आत्याचा हात धरला आणि चालता चालता हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुम्हाला नको असेल तर सरळ नाही म्हणा. मी तुमच्या बाजूने आहे."

"आणि तुझा नवरा?"

"रुसेल दोन दिवस. जेवण थोडंच सोडणार आहे!"

आत्या हसली. "तुला का नको गं सासऱ्याचं नाव?"

"त्यांचं नको असं नाही. पण गल्ली काय एकट्या पुरुषाने केली? तो मागे चालला खरा, पण चाक कोण फिरवत होतं? तुमचंच नाव का नको?"

"मला कशाला टांगता भिंतीवर," आत्या म्हणाली. "मी अजून जिवंत आहे."

*

साहेब वयाने लहानच निघाला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, काखेत फाइल, बोलणं मऊ. येताना गल्ली मोजत आला होता. त्याने आधी विचारलं, "एका बाजूला पायऱ्या नाहीत, ते का?" मग दादांनी सगळं सांगितलं, चाकापासून नळापर्यंत. सांगताना त्यांचा आवाज चढला, हात हलू लागले. आत्या आपणहून आतल्या अंगाला, चाकासमोरच्या खुर्चीवर जाऊन बसली होती आणि काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून ऐकत होती.

"छान माहिती," साहेब म्हणाला. "मग आजीबाई, तुमची हरकत नाही ना?"

"आहे," आत्या म्हणाली.

वहिनीने हातातली कपबशी ट्रेमध्ये परत ठेवली. गेले दोन दिवस दादांना ज्याची भीती वाटत होती ते तिने एका शब्दात सांगून टाकलं होतं.

"आई, काय हे!" सिस्टर दारातूनच म्हणाली. ती नुकतीच येऊन पोचली होती. "साहेब, तुम्ही लिहा नाव. मला पत्ता सांगायची लाज वाटते हो. नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठे राहता? पाठमोरी गल्ली म्हटल्यावर त्या हसल्या. मामाचं नाव लागलं तर सांगायला बरं."

"म्हणजे तू मोठ्याच्या बाजूला," आत्या म्हणाली.

"मी कुणाच्या बाजूला नाही. मी पत्त्याच्या बाजूला आहे."

पेंटर रिळावरून उठला. "दादा, मला विचारशील तर जाऊ दे. आहे तेच ठेवू. पाठमोरी गल्ली. मी रंगवतो झकास."

"तू कालपर्यंत माझ्या बाजूने होतास!"

"कालपर्यंत आत्या बोलली नव्हती. तिच्या दारावर तिला नको ते नाव मी कसा रंगवू?"

"तसं नाही करता येणार," साहेब म्हणाला. त्याने फाइल उघडून दाखवली नाही, पाठच होतं त्याला. "एक तर माणसाचं नाव किंवा मग एखादा सद्गुण. पाठमोरी हे कशातच बसत नाही. नाहीतर वरून आलंय ते एकता मार्ग आहेच."

वहिनी म्हणाली, "मग आत्याबाईंचं नाव द्या. त्या काय माणूस नाहीत?"

"हयात व्यक्तीचं देता येत नाही."

"मी सांगितलं होतं तुला," आत्या म्हणाली.

बाहेरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. दादा आत्याच्या खुर्चीजवळ गेले आणि तागाच्या रिकाम्या पोत्यावर, तिच्या पायाशी बसले. त्यांचे गुडघे कुरकुरले.

"आत्या, मला कारण तरी सांग. त्या स्थळाचं म्हणतेस का? ती चूकच झाली बाबांकडून. मी कधी नाही म्हटलं?"

ती गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. आत्या विशीची असताना दूरच्या गावाहून तिला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा. त्याला आत्या पसंत होती, आत्यालाही तो. पण ती गेली तर चाकावर कोण बसणार? तिच्यासारखं एकसारखं चाक कुणाला फिरवता येत नव्हतं. बाबांनी तिला न विचारता नकार कळवला आणि गल्लीच्याच दुसऱ्या टोकाच्या शिंप्याशी तिचं लग्न लावून दिलं. म्हणजे सासरही झालं आणि चाकही सुटलं नाही. आत्याला हे कळलं ते लग्नानंतर. तेव्हा ती बाबांना म्हणाली, "चाक फिरवीन, आईच्या पोटासाठी. पण माझ्याशी एक शब्द बोललास तर चाक सोडून जाईन." त्या दिवसापासून बहीण-भाऊ एकाच दोराची दोन टोकं धरून राहिले आणि बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हाही ती चाकाजवळच बसून होती.

"स्थळाचं कधीच गेलं," आत्या म्हणाली. "शिंपी वाईट नव्हता. माझे चार दिवस बरे गेले त्याच्यापाशी. ते नाही."

"मग?"

"त्याने मला आयुष्यभर शिव्या दिल्या, मोठ्या."

"बाबांनी? आत्या, त्यांच्या तोंडात शिवी नव्हती."

"तू त्याची पाठ बघितलीस. सगळ्या गल्लीने पाठच बघितली. तोंड एकटीने मी बघितलंय." ती चाकाकडे बघत बोलत होती, जणू अजून तिथून दोर सुटत होता. "इथून निघायचा तेव्हा ओठ मिटलेले. अर्ध्या वाटेच्या पलीकडे गेला की तोंड सुरू. ते थेट दिसेनासं होईपर्यंत. चाकाची घरघर केवढी, मला ऐकू यायचं नाही हे त्याला पक्कं माहीत. कधी कधी मी मुद्दाम चाक थांबवायची. लगेच तोंड बंद. बघ, म्हणजे काय बोलत असेल! जवळून बोलायची सोय नव्हती, म्हणून लांब जाऊन मनातलं काढायचा. रोज. शेवटपर्यंत. आणि आता त्याचं नाव माझ्या दारावर? मी रोज त्याच्याखालून आत-बाहेर करायचं?"

काम चालू असताना चाकाजवळ मुलांना फिरकू देत नसत, म्हणून दादांनी खरोखरच बाबांना काम करताना समोरून कधी पाहिलं नव्हतं. शाळेतून येताना बाजाराकडून शिरत, तेव्हा ती रुंद पाठ हळूहळू अंगावर येई आणि ते भिंतीला चिकटून उभे राहत. पाठ निघून गेली की पुढे पळत. बाबांचा चेहरा फक्त जेवताना, आणि तो खाली घातलेला. हिला दिसलं ते खोटं म्हणायला त्यांच्याजवळ काहीच नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात पाटी उतरवून ठेवली.

"राहू दे, साहेब," ते उठत म्हणाले. "एकता तर एकता."

*

सिस्टर दारातून आत आली नव्हती. तिने चौकट घट्ट धरली होती. रोग्याची नाडी बघताना आकडा चुकलासा वाटला की ती पुन्हा पहिल्यापासून मोजते, तसं ती आईचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून मनात बोलून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "तुला ऐकू येत नव्हतं?"

"काय?"

"मामा बोलायचा ते."

"एवढं काय सांगितलं मग मी आत्ता? ऐकू कसं येईल? केवढं ते अंतर!"

"मला यायचं." सिस्टर आत आली. "मी खिडकीत अभ्यासाला बसायचे ना. मामा बोलत बोलत आपल्या खिडकीपर्यंत यायचा. आई, त्या शिव्या नव्हत्या गं."

आत्याने हनुवटी काठीवरून उचलली.

"घरातलंच सांगायचा. आज ताग ओला आलाय. दादाला ताप होता, रात्री उतरला. आईला तुझ्या हातचं खावंसं वाटतंय. असलंच. एकदा म्हणाला, धाकट्याने नव्या चुन्याच्या भिंतीवर कोळशाने घोडा काढलाय, मारणार होतो पण नाही मारलं, घोडा चांगला आहे."

"काय म्हणाले?" पेंटर पुढे झाला. "घोडा चांगला आहे म्हणाले? मला तर दोन दिवस भिंत घासायला लावली!"

"चांगला आहे म्हणाला. शेपटी बघ म्हणाला."

पेंटर पुन्हा रिळावर बसला. त्याने खिशातलं फडकं काढलं आणि उगीचच बोटं पुसायला लागला.

"इतकी वर्षं," आत्या म्हणाली, "इतकी वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं होतं? मला वाटायचं तुम्ही दोघं बोलताय! त्याचं तोंड तुझ्याकडे, तुझं त्याच्याकडे. मध्ये मध्ये तो थांबायचा. मला वाटायचं तू तिकडून उत्तर देतेस, ते मला ऐकू येत नाही. मी म्हणायचे, घरात भांडण आहे, कामावर नाही. मोठ्या माणसांचं असेल तसं. आणि माझ्या बाबांनी सांगून ठेवलं होतं, घरात मामाचा विषय काढायचा नाही. मग मी कशाला काढू?"

वहिनी चहाचा ट्रे हातात धरून तशीच उभी होती. चहावर साय धरली होती. आपण या घरात इतकी वर्षं काढली, सासऱ्यांना वाढलं, त्यांचं दुखणं काढलं, आणि चार वाक्यं सलग बोलताना त्यांना कधी ऐकलं नाही, असं तिला वाटून गेलं. बोलणं होतं तर त्यांच्याजवळ. पण ते सगळं गल्लीच्या दुसऱ्या अर्ध्यात संपत होतं.

"आई, तू म्हणालीस एक शब्द बोलू नकोस," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "म्हणून तो तुला ऐकू न येईल इतक्या लांबून बोलायचा."

आत्या चाकाकडे बघत राहिली. साहेबाने घड्याळ बघायला हात उचलला, पण काय वाटलं कोण जाणे, तसाच खाली ठेवला.

दादांनी विचारलं, "माझ्याबद्दल काही?" आणि विचारल्यावर लाजले. त्या वयात.

"तुझा ताप तर सांगितला की. आणि मोठा झाल्यावर दोरात घालणार नाही म्हणायचा. दुकान काढून देईन म्हणायचा. आणि—" सिस्टर थांबली. "आणि काय बाई, रोजचंच असायचं ते. मी काय सगळं लक्ष देऊन ऐकत होते? माझा अभ्यास चालायचा."

"आठव," आत्या म्हणाली.

"अगं, किती वर्षं झाली त्याला."

"आठव म्हणते ना."

सिस्टरने डोळे मिटले. तिच्यापुढे ती खिडकी आली, खिडकीखालचा लोखंडी खुंट आला, आणि वाकलेली मान.

"एक रोजचं होतं," ती म्हणाली. "अगदी आपल्या दाराशी आला, की शेवट खुंटाला बांधायचा. बांधून झालं की इकडे, चाकाकडे बघून विचारायचा, 'हात दुखतो का गं?' मग जरा उभा राहायचा. आणि मग सरळ चालत तुझ्याकडे परत यायचा."

आत्याने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि एकदा डावा, एकदा उजवा असे बघितले. बोटं वाकडी झाली होती, तळव्याला चाकाच्या दांड्याचा घट्टा अजून होता. मग तिने मान मागे वळवली आणि दुकानाच्या दारातून बाहेर, गल्लीच्या पार त्या टोकाकडे पाहिलं. तिकडून येणारी माणसं बोटाएवढी दिसत होती.

"उजवा," ती म्हणाली. "उजवा दुखायचा."

साहेबाने पेन काढलं. "काय म्हणालात, आजीबाई?"

"तुम्हाला नाही सांगितलं," आत्या म्हणाली. "तुम्ही त्याचं नाव लिहा."